'टेक फाइव्ह' म्हणजे झपताल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन जॅझ पियानोवाल्यावरचा लेख वाचला. आधी मनापासून थँक्यू, कारण मराठी पेपरात जॅझवर अर्धं पान म्हणजे आमच्यासारख्या चार टाळक्यांची दिवाळीच, एरवी जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात जेवताना मागे वाजत असतं ते, इथपर्यंतच आपली मजल. पण लेखात मधेच एक वाक्य आलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. ब्रुबेक १९५८ साली भारतात आला, इथे त्याने झपताल ऐकला, आणि तोच झपताल पुढच्या वर्षी त्याच्या बँडचं 'टेक फाइव्ह' हे गाणं बनून जगभर गाजला, म्हणजे मूळ आपलंच, असं तुमचे लेखक म्हणतात. आणि तुम्ही तेवढंच वाक्य उचलून चौकटीत ठळक टाईपात छापलंय, शेजारी तबल्याचं चित्र टाकून.

ते चूक आहे. पत्र लांबणार आहे, जमेल तेवढं छापा.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण शहाणी. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर घर, लहानपणापासून भोपळे तासल्याचे आणि तारा लावल्याचे आवाज कानावर. तबला अकरा वर्षं शिकले, त्या काळी मुलगी तबला शिकते म्हटल्यावर नातेवाईक आईला बाजूला घेऊन विचारायचे की गाण्याला का नाही घातलंत. पुढे नोकरी, संसार, मैफिलीबिफिली काही झाल्या नाहीत, पण भजनी मंडळाला साथ आजही करते. 'टेक फाइव्ह' पहिल्यांदा ऐकलं ते आतेभावाने दुबईहून आणलेल्या कॅसेटवर. बोटं मोजत बसले, पाच मात्रा येतात हे कळलं आणि जी खूश झाले, लगेच गुडघ्यावर धी ना धी धी ना सुरू. पण बसेना. म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, जुळते, पुढची सम पण जुळते, मधे मात्र उजव्या पायात डावी चप्पल घातल्यासारखं वाटत राहतं. दोन दिवस घासलं, मग कॅसेट घेऊन सरांकडे गेले. सरांना जॅझमधलं ओ की ठो माहिती नव्हतं, आणि त्यांनी ते कबूलही केलं. डोळे मिटून मिनिटभर ऐकलं, मांडीवर हात चालू, आणि म्हणाले, "अगं हे तीन-दोन आहे. तू दोन-तीन लावतेयस."

संपला विषय. तबला न शिकलेल्या वाचकांसाठी सांगते. झपताल दहा मात्रांचा, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना, म्हणजे दोन-तीन-दोन-तीन, आणि सहाव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायची जागा. 'टेक फाइव्ह'मध्ये पियानोचा तो जो डुलणारा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो तो नीट ऐका, तीन मात्रा एका जागी, दोन मात्रा दुसऱ्या जागी, तीन-दोन, तीन-दोन, आणि खाली वगैरे भानगडच नाही. आकडा पाच आला म्हणून ताल एकच म्हणायचं असेल तर आपल्याकडेच बघा, रूपक सात मात्रांचा आणि तीव्राही सातच मात्रांचा, विभागसुद्धा दोघांचे तीन-दोन-दोन, तरी रूपकाची समच खालीवर आणि तीव्र्याला खाली नाहीच. एकाच्या जागी दुसरा वाजवून बघा, गवई मान वळवून बघेल. आपल्या आपल्यात आपण इतके काटेकोर, आणि बाहेरचा कोणी पाचात वाजवायला लागला की लगेच "हा आमचाच"?

दुसरी गोष्ट, 'टेक फाइव्ह' ब्रुबेकने लिहिलेलंच नाही. ते पॉल डेझमंडचं, ब्रुबेकच्या क्वार्टेटमधला, म्हणजे चौघांच्या बँडमधला, सॅक्सोफोनवाला. आणि त्याचंही मूळ ड्रमरपाशी जातं. जो मोरेलो हे त्याचं नाव, त्याला पाच मात्रांत सोलो, म्हणजे एकट्याने, वाजवायची हौस, कार्यक्रमात तो असं काहीतरी करायचा, तर ब्रुबेक डेझमंडला म्हणाला की ह्याच्या ह्या पाचावर एक चाल बांध. डेझमंडने सुरावटीचे दोन तुकडे आणले, ते एकापुढे एक कसे लावायचे ते ब्रुबेकने सुचवलं, झालं गाणं. रेकॉर्डिंग १९५९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला. पहिल्या दिवशी टेकवर टेक झाले, कोणीतरी दर वेळी चुकायचंच, ते तसंच सोडून दिलं आणि पुढच्या तारखेला जमवलं. जगातल्या उत्तमातल्या उत्तम लोकांना पाच मोजताना घाम फुटला हे वाचून मला त्या चपलेची आठवण आली.

मग ब्रुबेकला हे वाकडे ताल सुचले कुठून? तुमच्या लेखकांनी जरा पुढची पानं उलटली असती तर उत्तर गाण्याच्या नावातच होतं. त्याच 'टाइम आउट' रेकॉर्डवरचं पहिलं गाणं 'ब्लू रोंडो आ ला टर्क'. टर्क म्हणजे तुर्क, भारत नव्हे. १९५८ च्या त्याच दौऱ्यात भारतात यायच्या आधी ही मंडळी इस्तंबूलला होती, तिथल्या रेडिओ स्टेशनकडे चालत जाताना ब्रुबेकने रस्त्यावरच्या वादकांना एक भलताच ताल वाजवताना ऐकलं. स्टेशनवर गेल्यावर तिथल्या वादकांना त्याने तो वाजवून दाखवला आणि विचारलं हे काय आहे, तर सगळेच्या सगळे त्यात घुसले, जन्मापासून येत असल्यासारखे. त्यातला एक म्हणाला की तुमच्याकडे ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं) तसं आमच्याकडे हे नऊ.

तो नऊ तबल्याच्या भाषेत सांगते, तोंडाने म्हणून बघा, ऑफिसात असाल तर मनात म्हणा: तक तक तक तकिट, तक तक तक तकिट, तक तक तक तकिट, तकिट तकिट तकिट. तीनदा दोन-दोन-दोन-तीन आणि चौथ्यांदा तीन-तीन-तीन. आकडा नऊच, पण चौथ्या आवर्तनात गाडी एकदम वेगळ्या रुळावर गेल्यासारखी वाटते. मला हे जमायला एक अख्खा श्रावण लागला, भाजी चिरताना म्हणायचे, शेवटचं तकिट तकिट तकिट आलं की सुरी हमखास थांबायची. आणि मजा अशी की एवढं झाल्यावर सोलो सुरू होतो तेव्हा हे लोक सरळ चार मात्रांत उतरतात, साधा ब्लूज, पाहुण्यांना घर दाखवून झाल्यावर लुंगी लावून बसावं तसं. तर ती इस्तंबूलच्या रस्त्यावरची माणसं, ज्यांची नावं कुठल्याही रेकॉर्डच्या कव्हरवर नाहीत, त्यांच्या वाट्याचं एकुलतं एक श्रेय आहे ते गाण्याच्या नावातलं 'टर्क'. ते पण आपण चौकटीत टाकून घेऊन जायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

भारताने त्याला काहीच दिलं नाही असं माझं म्हणणं नाहीये हां, आणि जे दिलं ते तुमच्या लेखात एका ओळीत पण नाही. मुंबईत ब्रुबेक सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून वाजवला. आमच्याकडे जुन्या लोकांना जाफर खाँसाहेब मुंबईचे म्हणूनच माहिती, हिंदी सिनेमांतली कितीतरी सतार त्यांची. आणि मद्रासला मोरेलो मृदंगवाल्यांबरोबर बसला. परत गेल्यावर त्याच वर्षी त्या दौऱ्यावरची जी रेकॉर्ड आली त्यात सहा गाणी आहेत आणि एकाचं नाव 'कलकत्ता ब्लूज'. त्यात मोरेलो काठ्या बाजूला ठेवून ड्रमवर हाताने वाजवतो. आता तबला शिकलेल्या बाईने हे ऐकलं की पहिली प्रतिक्रिया हसू येणं, कारण बोटांचं वजन कुठे आहे ते लगेच कळतं, पण दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, इतका मोठा ड्रमर, परक्या गावात आठ दिवस ऐकून आलेलं शिकाऊ पोरासारखं करून बघतोय, आणि तेही रेकॉर्डवर, सगळ्यांच्या देखत. नक्कल केलीय म्हणून लपवलं नाही की आपलंच म्हणून मिरवलं नाही, गावाचं नाव वर लिहून मोकळे. लिहायचं तर हे लिहा ना, हे तर खरंच घडलंय.

आणि वाकड्या तालांची खोड ब्रुबेकला लहानपणापासूनच होती. १९२० चा जन्म, कॅलिफोर्नियातलं काँकॉर्ड, पुढे बाप आयोन नावाच्या गावाजवळ ४५,००० एकरांच्या गुरांच्या रानावर व्यवस्थापक म्हणून गेला. हे पोरगं घोड्यावर बसून मैलोन्मैल एकटं हिंडायचं, करायला काही नाही, मग घोड्याच्या टापा चालल्यात त्यावर मनातल्या मनात दुसराच ताल लावायचा. गुरांसाठी पाणी खेचणारं इंजिन असायचं, त्याचा आवाज एकसारखा नसायचाच, त्यावर तिसरा. हे वाचताना मला आमच्या आजोबांची मोट आठवली, म्हणजे मी पाहिलेली नाही पण त्यांच्या तोंडून ऐकलेली, चाकाच्या कुरकुरीवर ते गाणं कसं ओढून धरायचे ते. रिकाम्या रानात माणूस तालाशीच बोलतो बहुतेक.

आई पियानो शिकवायची, तरी ह्याला नोटेशन वाचता यायचं नाही. लहानपणी डोळे तिरळे, कागदावरचं नीट दिसायचं नाही, आणि कान इतका तयार की ऐकून वाजवायचा आणि आईला फसवायचा. कॉलेजात गेला तो गुरांचा डॉक्टर व्हायला, बापाची इच्छा. तिथे एका प्राध्यापकाने सांगितलं की बाबा तुझं लक्ष लॉनच्या पलीकडे संगीत विभागात असतं, तू तिकडेच जा. तिकडे गेला आणि शेवटच्या वर्षी बिंग फुटलं की ह्याला कागद वाचताच येत नाही. डिग्री द्यायची की नाही यावर चर्चा, शेवटी ह्या अटीवर दिली की आयुष्यात पियानो शिकवायची नोकरी करणार नाहीस. त्याने ती अट पाळली, माणूस शब्दाचा पक्का. आमच्याकडे परीक्षांच्या नादात पोरांना कायदे-रेले पाठ करवून घेणाऱ्या क्लासवाल्यांनी हा पॅरा कापून भिंतीवर लावावा, पण ते वेगळं पत्र होईल.

मग युद्ध. १९४४ ला बंदूकवाला शिपाई म्हणून युरोपात गेला, तिथे रेडक्रॉसच्या करमणुकीच्या कार्यक्रमात पियानो वाजवणारं कोणी आहे का विचारलं, ह्याने हात वर केला, आणि वाजवणं ऐकून साहेबाने त्याला आघाडीवर पाठवलंच नाही, बँड काढायला सांगितला. त्या बँडमध्ये त्याने गोरे-काळे एकत्र घेतले, तेव्हा अमेरिकन सैन्यात दोघांच्या तुकड्यासुद्धा वेगळ्या असायच्या. परत आल्यावर ओकलंडच्या मिल्स कॉलेजमध्ये दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे शिकला, गुरूवर इतका जीव की थोरल्या मुलाचं नाव दारियुस ठेवलं.

डेझमंडबरोबरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीच्या दिवसांत डेझमंडने ह्याच्या हातचं चालू काम घालवलं होतं, घरात लहान मुलं, पैशाची ओढाताण, ब्रुबेकने बायकोला, आयोलाला, बजावून ठेवलं होतं की हा माणूस आला तर दारात उभा करायचा नाही. एक दिवस आलाच. ब्रुबेक मागच्या बाजूला दोरीवर पोरांचे लंगोट वाळत घालत होता. आयोलाने त्याचा पडलेला चेहरा बघितला आणि नेलं आत. डेझमंडने काय काय कबूल केलं, पोरं सांभाळीन म्हणाला, गाड्या धुवीन म्हणाला, मला घे. त्या वाळत घातलेल्या लंगोटांच्या साक्षीने १९५१ साली जो क्वार्टेट झाला तो १९६७ पर्यंत टिकला. त्याच १९५१ ला हवाईमध्ये समुद्रात सूर मारताना ब्रुबेकची मान दुखावली होती, हॉस्पिटलात पडून राहावं लागलं, बोटांच्या नसांवर परिणाम झाला, आणि त्यानंतर त्याचं वाजवणं जास्त करून जाड जाड कॉर्डचं, म्हणजे एकदम तीन-चार सूर दाबायचं, झालं, भरभर पळणारं कमी. समीक्षक त्याला ठोकळ्यासारखं वाजवतो म्हणायचे. मला तो ठोकळाच आवडतो, जाता जाता सांगते.

आणि आयोला. ह्या बाईवर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहा. नाइट क्लबात रात्री घालवून घर चालत नाही हे बघितल्यावर तिने अमेरिकेतल्या शंभरएक कॉलेजांना पत्रं लिहिली, आमचा बँड तुमच्या विद्यार्थ्यांसाठी बोलवा म्हणून. तिथून कॉलेजांतले जॅझचे कार्यक्रम ही प्रथाच पडली, १९५४ ला त्या कार्यक्रमांची रेकॉर्ड तुफान चालली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टाइम मासिकाच्या कव्हरवर ब्रुबेक. ते मासिक त्याला दाखवलं कोणी, तर ड्यूक एलिंग्टनने, डेन्व्हरच्या हॉटेलात सकाळी सकाळी दार वाजवून, बघ, तू कव्हरवर आहेस. ब्रुबेक पार शरमला. ज्याला आपण देव मानतो त्याच्या आधी आपण, आणि का, तर आपण गोरे. हे तो म्हातारपणापर्यंत सांगत राहिला.

आता मुद्द्याचं. १९५८ चा तो दौरा म्हणजे काही लोकांना वाटतं तसं 'भारतीय संगीताच्या शोधात आलेला कलाकार' प्रकरण नव्हतं. अमेरिकन सरकारने पाठवलं होतं, शीतयुद्ध चालू, रशिया जगभर सांगत सुटलेला की बघा अमेरिकेत काळ्यांना कसं वागवतात, त्यावर उतारा म्हणून मिश्र बँड परदेशी धाडायचे. पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक. आणि निघायच्या जेमतेम काही दिवस आधी, फेब्रुवारीत, नॉर्थ कॅरोलायनाच्या ईस्ट कॅरोलायना कॉलेजात काय झालं ऐका. क्वार्टेटचा नवा बासवाला (बास म्हणजे खालच्या सुराचं मोठं तंतुवाद्य) यूजीन राईट, काळा. कॉलेजने सांगितलं, तो स्टेजवर चालणार नाही. ब्रुबेक म्हणाला, मग कोणीच वाजवणार नाही. बाहेर हॉल भरलेला, पोरं पाय आपटतायत, अख्खी इमारत दणाणतेय, कॉलेजच्या प्रमुखाने थेट गव्हर्नरला फोन लावला. शेवटी परवानगी मिळाली, पण अट अशी की राईटने मागे उभं राहायचं, फार दिसायचं नाही. ब्रुबेक बरं म्हणाला. आणि स्टेजवर गेल्यावर राईटला म्हणाला की तुझा माइक बिघडलाय, पुढे ये, माझ्या माइकवर सोलो वाजव. माइकला काही झालेलं नव्हतं. काळ्या माणसाला मागे उभं करणाऱ्या त्याच देशाचे राजदूत म्हणून पुढच्याच महिन्यात हे चौघं पोलंडमध्ये.

दोन वर्षांनी, १९६० च्या सुरुवातीला, दक्षिणेतल्या पंचवीसेक कॉलेजांचा दौरा ठरला होता. राईटला काढा आणि गोरा बासवाला आणा अशी पत्रं यायला लागली. ब्रुबेकने नाही म्हटलं आणि वीसाहून जास्त कार्यक्रम गेले. कार्यक्रम रद्द म्हणजे काय हे मला विचारा, आमच्या मंडळाचं एक भजन पावसामुळे रद्द झालं तर गाडीभाड्यावरून आठवडाभर धुसफूस चालते, आणि इथे पाच पोरांचा बाप अख्ख्या सीझनच्या कमाईवर पाणी सोडतोय.

असं का वागला असेल तो, तर त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. लहान असताना बाप त्याला सॅक्रामेंटो नदीच्या काठी एका ओळखीच्या काळ्या माणसाकडे घेऊन गेला, गुरं हाकणारा, बापाचा दोस्त. बाप त्याला म्हणाला, शर्ट उघडून पोराला दाखव. छातीवर डाग दिलेला होता. गुरांना देतात तसा. बाप म्हणाला, असं होता कामा नये. एवढंच. ब्रुबेक ऐंशीचा झाल्यावर कॅमेऱ्यासमोर हे सांगत होता आणि सांगताना रडला. माझ्या माहेरी बैलांना डाग द्यायचे तो वास मला माहितीये, त्यामुळे ती मुलाखत मी परत बघितली नाही.

आता परत 'टेक फाइव्ह'कडे, कारण एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली आणि ती तबलजींनाच पटकन कळेल. स्टुडिओतल्या त्या मूळ रेकॉर्डवर ब्रुबेकचा सोलोच नाहीये. डेझमंडचा आहे, मोरेलोचा आहे. बँड ज्याच्या नावाने ओळखला जातो तो माणूस आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच तीन-दोनचा तुकडा वाजवत बसलाय. का, तर मोरेलोचा सोलो भरकटू नये. अहो हा लेहरा आहे! तबला सोलोला पेटीवाला कोपऱ्यात बसून एकच ओळ तासभर वाजवतो, टाळ्या तबलजीला आणि पेटीवाल्याचं नाव निवेदकाला आठवत नाही, तो लेहरा. तो धरायला किती धीर लागतो हे मला माहितीये, कारण आमचे पेटीवाले काका पाचव्या मिनिटाला हळूच आपल्या तीन-चार जागा घेतातच, कितीही डोळे वटारले तरी. तुमच्या लेखकांना भारताशी नातं जोडायचंच होतं तर हे जोडायला हवं होतं. अर्थात ब्रुबेकला लेहरा माहिती होता म्हणून त्याने तसं केलं असं मी म्हणणार नाही, नाहीतर मी पण तीच चूक करेन.

खरं तर कंपनीला 'टाइम आउट' ही रेकॉर्ड काढायचीच नव्हती. सगळी गाणी स्वतःची, नाचता येत नाही असे ताल, कव्हरवर फोटोऐवजी चित्र, तीन-तीन पापं एकदम. १९५९ च्या डिसेंबरात आली, आणि १९६१ मध्ये 'टेक फाइव्ह'ची छोटी तबकडी रेडिओवर चालली तशी दहा लाखांच्या वर खपली. डेझमंड १९७७ ला गेला, त्याने ह्या गाण्याची सगळी रॉयल्टी अमेरिकन रेडक्रॉसच्या नावे केली होती, ती अजून त्यांना मिळते.

आकडा सारखा म्हणजे ताल सारखा हे ज्यांना अजूनही वाटतंय त्यांच्यासाठी एक घरगुती प्रयोग. ब्रुबेकचं 'अनस्क्वेअर डान्स' नावाचं १९६१ चं एक छोटं गाणं आहे, सात मात्रांचं. बास वाजतो एक, तीन, पाचवर आणि टाळ्या दोन, चार, सहा, सातवर. मी हे मागच्या वर्षी मंडळात करून बघितलं, बास डग्ग्यावर मी, टाळ्यांच्या जागी टाळ. आमचं मंडळ रूपकात झोपेत पण चुकणार नाही. पाचपर्यंत सगळे छान, सहावर टाळ पडला, आणि सातवर अर्ध्या जणी थांबल्या, अर्ध्यांनी वाजवला, एकीचा टाळ शेजारणीच्या बांगडीवर. चार वेळा केलं, चारही वेळा तीच गत, शेवटी आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, हा ताल पंक्चर झालेल्या सायकलसारखा आहे गं, आणि सगळ्या इतक्या हसलो की त्या दिवशी हरिपाठ राहिलाच. मूळ रेकॉर्डच्या शेवटी मोरेलो पण हसलेला ऐकू येतो, सुटलो एकदाचे म्हणून.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते कारण त्यात मला फार गम्य नाही. क्वार्टेट मोडल्यावर चर्चसाठी मोठमोठ्या रचना केल्या, मुलांबरोबर वाजवला, म्हातारपणी २००९ च्या केनेडी सेंटर सन्मानाचा सोहळा नेमका त्याच्या ८९ व्या वाढदिवशी आला. ५ डिसेंबर २०१२ ला गेला, ब्याण्णव पूर्ण व्हायला एक दिवस कमी. चौघांतला शेवटचा राहिला यूजीन राईट, तो २०२० च्या डिसेंबरात गेला.

(ह्या सगळ्यांना मी एकेरी लिहिलंय, त्यावर कोणी पत्र पाठवू नका. लता, आशा आपण एकेरीच म्हणतो, जीव असतो तिथे.)

तर विनंती दोन. एक, झपतालाची दुरुस्ती छापा, चौकट जेवढी मोठी होती तेवढ्या चौकटीत, पान नऊच्या तळाला राशीभविष्याखाली नको. दुसरी फोटोची. तुम्ही लेखाबरोबर चौघांचा तो प्रसिद्ध ग्रुप फोटो वापरलाय, पण कॉलमात बसवायला कडेने कापलाय. ब्रुबेक आहे, डेझमंड आहे, मोरेलोचा चष्मा आहे, आणि कडेला एक खांदा आणि अर्धा कान. तो अर्धा कान यूजीन राईटचा आहे. मुद्दाम केलं नसणार हे मला कळतं, पान लावणाऱ्याला कॉलमाची रुंदी तेवढीच मिळाली असेल. पण दुरुस्तीबरोबर तो फोटो अख्खा छापा, जागा कमी पडली तर माझ्या पत्रातला मोटेचा आणि भाजीचा मजकूर काढा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
मिरज